बाळाचं युनिक नाव: अर्थ, स्पेलिंग, नोंदणी आणि मगच पाळणा

दादरला माझं डीटीपीचं काम आहे. बारशाच्या पत्रिका करून देतो. येणारे आईबाबा पत्रिकेचा कागद पाच मिनिटांत निवडतात आणि नावाच्या स्पेलिंगवर पाऊण तास घालवतात, तोही काउंटरवर उभ्या उभ्या, एका कानाला फोन लावून. पलीकडे आत्या असते. मग कोणीतरी विचारतं, "पण ह्याचा अर्थ काय गं?" आणि मोबाईल उघडला जातो.

चूक नावात नसते, क्रमात असते. आधी दवाखान्याच्या फॉर्मवर घाईत नाव जातं, मग स्पेलिंग ठरतं, अर्थ सगळ्यात शेवटी शोधला जातो. आधीपासून चालत आलेलं नाव असलं तर हे खपून जातं. अजय, स्नेहा, मंदार यांचं सगळं पिढ्यांनी तपासून ठेवलेलं असतं. बेतलेल्या नावाची तपासणी मात्र तुमच्यावरच असते, कारण तुमच्या आधी ती कोणी केलेलीच नाही. खालचा क्रम जमेल तितका पाळा.

तयारी: सातव्या महिन्यात सुरुवात

बाळ आल्यावर झोप उरत नाही, आणि झोप नसलेल्या माणसाला प्रत्येक नाव छान वाटतं. त्यामुळे सातव्या महिन्यापासून एक वही करा. तीत मुलाची पाच आणि मुलीची पाच नावं, त्यापेक्षा जास्त नको. तीनशे नावांची यादी असणाऱ्यांचंच शेवटी घाईत ठरतं, असा माझा अनुभव आहे.

वहीच्या पहिल्या पानावर आई आणि वडील दोघांच्या नावांची आधार कार्डावरची स्पेलिंगं जशीच्या तशी उतरवून ठेवा. ती सहाव्या टप्प्यात लागतील. आणि शेवटचा शब्द कोणाचा, हे आत्ताच ठरवा. बारशाला नाव ठेवण्याचा मान आत्याचा. नाव निवडण्याचा अधिकारही तिचाच का, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो पाळण्याशेजारी सोडवू नये.

१. नाव का बेतताय, ते एका ओळीत लिहा

कारण लिहिलं की कुठे जास्त तपासायचं ते कळतं. माझ्यासमोर येणारी कारणं साधारण चार.

पहिलं, जन्माक्षर, म्हणजे जन्मनक्षत्रावरून ठरणारं नावाचं पहिलं अक्षर. सत्तावीस नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण, म्हणजे एकशे आठ अक्षरं. त्यांत आर्द्रेच्या तिसऱ्या चरणाला 'ङ' येतो, हस्ताला 'ठ', उत्तराभाद्रपदेला 'झ' आणि 'ञ'. 'ङ'वरून नाव कुठून आणणार? मग माणसं अक्षरं जुळवत बसतात. यावर घराघरात चालत आलेला तोडगा आहे: जन्मपत्रिकेतलं नावरस नाव वेगळं, व्यवहाराचं वेगळं. जन्माक्षराचं नाव कानात सांगा, जन्मपत्रिकेत लिहा. जन्मदाखल्यावर तेच असायला हवं असं नाही.

दुसरं, वर्गात आपल्या मुलाच्या नावाची आणखी दोन मुलं नकोत. तिसरं, नाव लहान हवं, परदेशातही उच्चारता यावं. चौथं कोणी मोठ्याने बोलत नाही: नावावरून प्रांत, जात, धर्म पटकन ओळखू येऊ नये. मुंबईत भाड्याने घर शोधलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. 'कियान', 'मायरा', 'इरा' अशा नावांची ओढ बरीचशी इथूनच येते.

दुसरं कारण असेल तर एक इशारा. आज सगळ्यांना युनिक वाटणाऱ्या नावांची अखेर थोड्याच साच्यांतून येते: 'आंश', 'यान', 'विक', 'यरा', 'नाया'. या साच्यातलं नाव घेतलंत तर नाव वेगळं असेल, पण बाई "रेयांश" म्हणतील तेव्हा शिवांश, रुद्रांश आणि प्रियांशही मान वर करतील.

२. जोड व्याकरणाने करा, कात्रीने नको

दोन शब्द जोडून नाव करायचं तर संधीचे दोन-तीन नियम पुरतात.

'अंश' म्हणजे भाग. आधीचा शब्द अकारान्त किंवा आकारान्त, म्हणजे 'अ' किंवा 'आ'ने संपणारा, असेल तरच 'आंश' मिळतो: शिव + अंश = शिवांश, कृष्ण + अंश = कृष्णांश. शब्द इकारान्त किंवा उकारान्त असला की वेगळंच होतं: ऋषि + अंश = ऋष्यंश, विष्णु + अंश = विष्ण्वंश. उच्चारून पाहा, मग मोह आपोआप सुटेल. 'अंशु' मात्र वेगळा शब्द, अर्थ किरण. हिमांशूतला तो. 'अंश' आणि 'अंशु' एकच समजून अर्थ सांगणारे पुष्कळ आहेत.

'ईश' जोडताना 'ए' होतो: गण + ईश = गणेश, तसं पर्ण + ईश = पर्णेश. 'पर्णीश' नाही. मुलीच्या नावाला 'ज'चा 'जा' होतो, जसं गिरिजा, ऋतुजा.

आईबाबांची नावं जोडायची असतील तर इंग्रजी अक्षरं तोडून जोडू नका, मराठी अक्षरं जोडा. अमित आणि रेश्मा यांनी इंग्रजीतली पहिली दोन-दोन अक्षरं घेतली आणि हाती आलं 'आमरे'. आमरे नावाचं आडनाव आहे, हे आजोबांनी सांगेपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

पडताळणी: नाव पुन्हा सुटं करून दाखवता येतं का? येत नसेल तर ते नुसता नाद आहे. तसं असायला हरकत नाही, फक्त पुढच्या टप्प्यात त्याला अर्थ चिकटवू नका.

३. अर्थ शब्दकोशात पाहा, अॅपवर नव्हे

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबतो.

नावांच्या अॅपवर प्रत्येक नावाला अर्थ असतो, आणि तो नेहमी छानच असतो. 'सूर्याचा पहिला किरण', 'देवाची देणगी', 'विष्णूचा अंश'. कोणत्याही अॅपवर 'माहीत नाही' असं लिहिलेलं मी आजवर पाहिलेलं नाही. एकाने लिहिलेलं दुसरा उतरवतो, आणि दहा ठिकाणी तेच दिसलं की आपल्याला पुरावा मिळाल्यासारखं वाटतं.

काही नमुने पाहा.

आरव. अॅप म्हणतं 'शांत'. संस्कृतात 'रव' म्हणजे आवाज आणि 'आरव' म्हणजेही आवाज, गलका. शांत म्हणायचं असेल तर ऱ्हस्व 'अ' हवा: अरव. एका कान्याने अर्थ पार उलटतो. खरं तर घरातल्या दोन वर्षांच्या आरवला शब्दकोशातला अर्थच जास्त शोभतो, पण ते आईबाबांना आधी ठाऊक असावं.

रेयांश. 'प्रकाशकिरणाचा अंश' असं सांगतात. यातला किरण इंग्रजी 'रे'मधून आला आहे. संस्कृतात आणि मराठीत 'रे' म्हणजे 'अरे'मधला रे. इंग्रजी आणि संस्कृत यांची ही जोड आहे, असं मोकळेपणाने सांगितलंत तर काहीच बिघडत नाही. 'वेदातलं नाव' म्हणालात तर बिघडतं.

तृषा म्हणजे तहान. कृश म्हणजे रोडावलेला. 'क्रिश' हे कृष्णाचं लाडकं रूप म्हणून ठेवलंत तर ठीक, पण मराठीत लिहिताना कोणी 'कृश' लिहिलं की झालं. अनय म्हणजे अनीती. 'अनाया' बेतताना 'इनाया' या अरबी नावाकडे पाहा, तिथे काळजी, कृपा असा खरा अर्थ मिळतो. 'अनया' हे रूप संस्कृतात आहे, पण त्याचा अर्थ नुसता 'हिने' किंवा 'हिच्याकडून' असा होतो.

कियारा. इटालियन नाव धरलं तर अर्थ स्वच्छ, उजळ. त्याच्यासारखंच लिहिलं जाणारं एक आयरिश नाव आहे, त्याचा अर्थ काळ्या केसांची. अॅपवर दोन्ही अर्थ एकाखाली एक असतात. तुम्ही कोणतं नाव ठेवताय, ते ठरवा. मायराचंही तसंच. हे नाव सतराव्या शतकात एका इंग्रज कवीने बेतलं, म्हणजे बेतलेली नावं आपल्याच पिढीचा शोध नाही. पण काळबादेवीच्या किंवा भाईंदरच्या मारवाडी शेजारणीला 'मायरा' म्हटलं की लग्नात मामाने आणलेला आहेर आठवतो. वाईट नाही, फक्त ती हसली तर का हसली ते कळेल.

श्रेयांश असंही हल्ली लिहितात. मूळ नाव श्रेयांस, अकरावे जैन तीर्थंकर श्रेयांसनाथ यांचं. 'अंश'च्या साच्यात बसवताना शेवटचा 'स' गेला.

शब्दकोशात पक्की सापडणारी आणि कानाला नवी वाटणारी नावंही आहेत. मिहिका म्हणजे धुकं, दव. इरा म्हणजे पाणी, पेय. विहान ही हिंदी पट्ट्यातली सकाळ, भोजपुरीत बिहान. अबीर तर पंढरीचाच, शिवाय अरबीतही त्याचा अर्थ सुगंध. 'अद्विक' जुन्या नावांत आढळत नाही, पण 'द्विक' म्हणजे जोडी, तिला 'अ' लावून 'ज्याला जोड नाही' असा अर्थ लावता येतो. हे बेतलेलं नाव पायावर उभं आहे.

कुठे पाहायचं? संस्कृतसाठी वामन शिवराम आपटे यांचा कोश किंवा मोनियर-विल्यम्स, दोन्ही जर्मनीतल्या कोलोन विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. मराठीसाठी मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, हे शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहेत. इंग्रजी येत नसेल तर शाळेत संस्कृत शिकवणाऱ्या कोणालाही फोन करा. त्यांना असे फोन आवडतात.

इशारा: शोधताना देवनागरीत शोधा. रोमी अक्षरांत 'अनय', 'अनाय', 'अनया' सगळं एकच होऊन बसतं.

माझं मत विचाराल तर अर्थ नसलेलं नाव चालतं. नादासाठी नाव ठेवणं हा गुन्हा नाही. खोटा अर्थ चिकटवलेलं नाव मात्र आठवीत संस्कृत सुरू झालं की पहिल्या चाचणीच्या आधी उघडं पडतं, आणि ते पोराला एकट्याला झेलावं लागतं.

४. मोठ्याने हाक मारून पाहा

तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली खेळणाऱ्या मुलाला हाक मारल्यासारखं नाव उच्चारा. शेवटचं अक्षर लांबवता आलं पाहिजे. 'अद्विऽऽक' अडतं, 'इराऽऽ' पोहोचतं.

मग 'या' लावा. आपल्याकडे प्रकाशचा पक्या होतो, महेशचा मह्या होतो. तो टाळता येत नाही, आधी ऐकून मात्र ठेवता येतो. विहानचा विह्या, कियानचा किया, रेयांशचा रेया. जे होईल ते दहावीपर्यंत चालणार आहे. मुलींच्या नावाचं यमक कशाशी जुळतं तेही पाहा. हे काम आठ-दहा वर्षांच्या भाच्याला द्या, तो दोन मिनिटांत सगळं सांगेल.

आता पूर्ण नाव. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शासकीय कागदपत्रांवर बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम ठरला आहे. म्हणून चारही नावं एकापाठोपाठ वाचा. 'आर्वी पूर्वी निखिल दळवी' वाचताना बडबडगीत वाटत असेल तर ते आत्ताच कळलेलं बरं.

५. दोन्ही लिप्यांत लिहून पक्कं करा

नाव ठरलं असं तेव्हाच म्हणायचं, जेव्हा ते देवनागरीत आणि रोमी लिपीत, दोन्हीकडे एकाच पद्धतीने लिहिलेलं असेल. मुंबईच्या जन्मदाखल्यावर मराठी आणि इंग्रजी दोन्ही असतं. एकाकडे लक्ष देऊन दुसरं कारकुनावर सोडणारे पुढे हेलपाटे घालतात.

घोळाच्या जागा ठरलेल्या आहेत.

ऋ: आपण 'रु' म्हणतो, हिंदी शाळेतल्या बाई 'रि' म्हणतील. ऋषभचं स्पेलिंग 'आर यू' की 'आर आय', ते तुम्ही ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा.

ज्ञ: मराठी 'द्न्य', हिंदी 'ग्य'. 'डी एन वाय' लिहिलंत तर बाहेरचा माणूस अडखळणार, 'जी वाय' लिहिलंत तर आजी रागावणार. कोणाचा राग परवडतो ते पाहा.

ळ आणि ण यांना रोमीत वेगळी जागा नाही. त आणि ट, द आणि ड यांनाही नाही, त्यामुळे तनयचा 'टनय' होतो. अद्वैतला 'व्ही' की 'डब्ल्यू'? विहानला एक 'ए' की दोन? अंकशास्त्रवाले जादा अक्षर सुचवतील. घ्यायचं तर नोंदणीच्या आधी घ्या. दाखला झाल्यावर वाढवलेला 'ए' प्रत्येक खिडकीवर समजावून सांगावा लागतो.

'हर्षित', 'निशित' अशा नावांत रोमी स्पेलिंगची शेवटची चार अक्षरं सुटी करून वाचा. परदेशी पाठवायचं स्वप्न असेल तर विशेष.

पडताळणी: फक्त रोमी स्पेलिंग कागदावर लिहून नाव न ऐकलेल्या तिघांना वाचायला द्या. सोसायटीचा वॉचमन, गुजराती दुकानदार, ऑफिसातला दाक्षिणात्य सहकारी. तिघांनी तीन नावं वाचली तर स्पेलिंग बदला. 'आय आर ए' लिहून मी हा प्रयोग पाहिला आहे. दोघांनी 'इरा' वाचलं, एकाने 'आयरा'. हे चालण्यासारखं.

जमलं की एका कोऱ्या कागदावर दोन्ही लिप्यांत मोठ्या अक्षरांत नाव लिहा, दोघांनी सही करा आणि फोटो काढून ठेवा. पुढे प्रत्येक खिडकीवर तोंडी सांगायचं नाही, हा फोटो पुढे करायचा.

६. नोंदणी: रिकामी जागा ही सोय आहे

दवाखान्यातल्या जन्माची माहिती २१ दिवसांच्या आत निबंधकाकडे कळवायची असते आणि ते काम दवाखान्याचं. फॉर्म भरताना नर्स विचारते, "नाव काय लिहू?" इथेच घाई होते. नाव ठरलं नसेल तर रकाना रिकामा सोडा. जन्माची नोंद नावाविना होते. त्यानंतर १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येतं, आणि विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत.

एकदा घातलेलं नाव मात्र आवडलं नाही म्हणून बदलून मिळत नाही. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात दुरुस्तीची सोय चुकीच्या नोंदीसाठी आहे, तीही मूळ नोंद न खोडता समासात शेरा लिहून. मन बदलणं ही चूक धरत नाहीत.

कुठे जायचं, यातही लोक चुकतात. नोंद तुम्ही राहता तिथे नाही, जन्म झाला तिथे होते. डोंबिवलीचं बाळ परळच्या केईएममध्ये जन्मलं तर महापालिकेचा एफ दक्षिण विभाग, शीवच्या टिळक रुग्णालयात असेल तर एफ उत्तर, मुंबई सेंट्रलच्या नायरमध्ये ई, कूपरमध्ये के पश्चिम. कल्याण-डोंबिवली महापालिकेत खेटे घालून उपयोग नाही. आणि बाळंतपण माहेरी, साताऱ्याला किंवा रत्नागिरीला झालं असेल तर दाखला तिथूनच.

अर्जासोबत आईवडिलांची ओळखपत्रं न्या. वहीच्या पहिल्या पानावरची तुमची स्वतःची स्पेलिंगं इथे कामी येतात. बाळाच्या नावावर इतकं लक्ष असतं की बापाच्या नावातला 'एच' गळलेला कोणाला दिसत नाही.

इशारा: दाखला हातात पडला की खिडकीसमोरच वाचा. दोन्ही लिप्या, काना-मात्रा-वेलांटी, तिघांची नावं, तारीख. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट, मतदार नोंदणी, लग्नाची नोंदणी या सगळ्यांना जन्माचा पुरावा म्हणून हाच एक कागद चालतो. पूर्वी शाळेच्या दाखल्यावर सावरून घेता यायचं, आता तसं नाही.

७. आता पाळणा

बारसं बाराव्या दिवशी असो वा सवडीने, आत्याच्या हातात नाव लिहिलेली चिठ्ठी द्या. ऐनवेळी 'रेयांश'चा 'श्रेयांश' झालेला मी एका पत्रिकेसोबत आलेल्या व्हिडिओत ऐकला आहे. पत्रिका छापायला देताना दाखल्याची किंवा सही केलेल्या कागदाची प्रत द्या. व्हॉट्सअॅपवर टाईप केलेलं नाव देऊ नका, मोबाईलचा कीबोर्ड वेलांट्या स्वतःच्या मनाने बदलतो.

आधार दाखल्यानंतरच काढा. पाच वर्षांखालच्या मुलाचं निळं आधार दाखल्यावरूनच निघतं, आणि बोटांचे ठसे पाचव्या आणि पंधराव्या वर्षी द्यावे लागतात. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा पहिली संधी स्पेलिंगच्या घोळात घालवू नका.

चूक आधीच झाली असेल तर

आधी पाहा, चूक लिहिणाऱ्याची की तुमच्या मनाची. तुम्ही अर्जावर बरोबर लिहिलं आणि दाखल्यावर चुकीचं आलं, तर अर्जाची प्रत घेऊन त्याच विभाग कार्यालयात दुरुस्तीचा अर्ज करा. म्हणूनच अर्ज देताना पोचपावती आणि फोटो हवा.

नावच बदलायचं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात प्रसिद्धी द्यावी लागते. हे काम चर्नी रोडच्या शासकीय मुद्रण कार्यालयाचं, अर्ज ऑनलाइन होतो. राजपत्र आलं की त्याच्या चार-पाच रंगीत प्रती काढून ठेवा, कारण शाळा, बँक, पासपोर्ट सगळे ते मागतात. दाखल्यावरची जुनी नोंद मात्र राजपत्राने पुसली जात नाही, त्यामुळे पुढे दोन्ही कागद एकत्र टाचूनच न्यायचे.

मूल शाळेत जाण्याआधी हे उरकून घ्या. पटावर नाव चढलं की शाळेचं रजिस्टर, शिष्यवृत्तीचा अर्ज, नंतर दहावीचं प्रमाणपत्र, असं एकेक कागद वाढत जातो, आणि तोवर पोराला जुन्याच नावाने 'विह्या' म्हणायची सगळ्या वर्गाला सवय झालेली असते.